गुरुवारचं वजन

अयोध्या नवऱ्याशी खोटं बोलली, आणि तिथंच तिचं चुकलं. खोटं तरी असं काही मोठं नव्हतं. शाळेच्या पटांगणात खेळायला जाते, असं सांगायच्या ऐवजी ती म्हणाली, "वर्षाराणी मॅडम म्हणत्यात, रोज तासभर पळलं तर वजन उतरतंय."

खेळायला जाते म्हणाली असती तर रणधीरनं तिला वेड्यात काढलं असतं. छत्तीस वर्षांची बाई, नववीतल्या पोरीची आई. अशा बाईनं पंचमीला दोन फुगड्या घालाव्यात, झोक्यावर बसावं आणि पुढच्या पंचमीपर्यंत गप राहावं. पण वजनाचं नाव काढल्याबरोबर त्यानं मोबाइलमधून मान वर केली. बायकोचं वजन हा त्याचा आवडीचा विषय होता. लग्नात जेवणाच्या पंगतीला, पाहुण्यांच्या ओट्यावर, जीपमध्ये बसताना, कुठंही तो त्यावर दोन वाक्यं बोलून चार माणसांना हसवायचा. त्याचं स्वतःचं पोट शर्टाची खालची दोन बटणं लावू देत नव्हतं, पण त्याबद्दल बोलायची कुणाची टाप होती?

"खरंच उतरतंय?" त्यानं विचारलं.

"उतरतंय म्हणत्यात."

"मग जा की. पण म्हणत्यात, म्हणत्यात असं न्हाय चालायचं. आपल्याकडं काटा हाय. दर गुरुवारी काट्यावर उभं राहायचं. उतरलं तर जायचं, न्हाय उतरलं तर घरी बसायचं."

काटा मधे येईल हे अयोध्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तरी ती बरं म्हणाली, कारण उद्यापासून पटांगणात जायला मिळणार होतं आणि तेवढ्यासाठी ती कशालाही बरं म्हणाली असती.

गाव सास्तूरच्या अलीकडं. भूकंपानंतर वसवलेलं, म्हणून गल्ल्या सरळ आणि मोकळी जागा मुबलक. रणधीर गावातला माल खरेदी करून लातूरला धाडायचा. घरापुढं पत्र्याचं शेड, शेडात पोत्यांची थप्पी, आणि अंगणाच्या मधोमध लोखंडी पाटाचा मोठा काटा. लाल आकड्यांचा. आकडे दिसत असले तरी हमाल गुंडप्पा वजन ओरडूनच सांगायचा. तीस वर्षं तो असाच ओरडत आला होता, लांब बसलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या पोत्याचं वजन कळावं म्हणून. आणि मोजणीचं पहिलं पोतं तो कधी एक म्हणायचा नाही. पहिलं नेहमी लाभ. मग दोन, मग तीन.

पहिल्या गुरुवारी अंगणात दहा-बारा माणसं होती. कुणी मूग आणलेला, कुणी उडीद. अयोध्या पदर सावरत ओट्यावर आली.

"चप्पल काढ," रणधीर म्हणाला.

"आधी त्यांचं मोजा की. माणसं थांबलीती."

"आधी तू. घरची लक्ष्मी हायस. लाभ तुझ्यापासून."

ती पाटावर चढली. लोखंड उन्हानं तापलं होतं, तळव्यांना चटका बसला. गुंडप्पानं आकडा बघितला आणि सवयीनं तोंड वर करून हाळी दिली.

"लाऽऽभ! पंच्याऐंशीऽऽ!"

ओरडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हे पोतं नाही. त्यानं जीभ चावली, पण शब्द गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. उडीदवाला एकजण म्हणाला, "मालक, एका बारदान्यात मावंना झालाय माल." सगळे हसले. रणधीरही हसला, सगळ्यात जास्त तोच हसला.

"बारदाना एक किलो वजा कर," तो म्हणाला. "साडी, बांगड्या. निव्वळ चौऱ्याऐंशी. निके, लिही गं भिंतीवर. तुझं अक्षर चांगलं हाय."

निकितानं खडू घेतला आणि शेडाच्या भिंतीवर, पोत्यांच्या आकड्यांच्या बाजूला, वळणदार अक्षरात लिहिलं: मम्मी, ८४. पोरगी हसत होती. तिला ती गंमतच वाटली असणार. चौदा वर्षांच्या पोरीला बापाच्या हसण्यात हसण्यापलीकडं काय कळतं?

अयोध्या खाली उतरली, चप्पल घातली आणि चुलीकडं गेली. तिचे कान तापले होते. लाज तिला नवी नव्हती, पण आतापर्यंतची लाज तोंडी होती. आता ती भिंतीवर लिहिली गेली.

संध्याकाळी पाचला ती पटांगणात गेली आणि हे सगळं तासाभरात विसरली.

वर्षाराणी मॅडम शाळेत नव्यानं आलेल्या. तुळजापूरकडच्या, तिशीच्या आतबाहेर, स्कूटीवर यायच्या. पंचमीला बायांच्या फुगड्या बघून त्यांनीच विषय काढला होता की हे वर्षातून एकदाच का. पहिल्या दिवशी सतरा बाया आल्या. कुणी साडीवर, कुणी पंजाबी ड्रेसवर, एकीनं तर नवऱ्याचा शर्ट साडीवरून घातलेला. मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं.

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "इथं कुणी कुणाचं वजन विचारायचं नाही. वजन घरी ठेवून यायचं. दम लागला की बसायचं, हसू आलं की हसायचं. खेळायचं कशासाठी? तर खेळायला चांगलं वाटतं म्हणून. बाकी काही नाही."

"अय्यो शिवा," शरणम्मा म्हणाली. ती शेजारच्या गल्लीतली, मजुरीला जाणारी, काडीसारखी बाई. "मॅडम, माझं वजन घरी ठिवलं तर हितं काय यील ओ?"

बाया खदाखदा हसल्या. मग मॅडमनी दोन खांब रोवले, मधली रेघ आखली आणि आठजणींना एकआड एक तोंड करून बसवलं. खो-खो. अयोध्याच्या हातापायांत काहीतरी जागं झालं. अणदूरच्या शाळेत ती नववीपर्यंत खो-खो खेळली होती. तेव्हाही ती अंगानं दणकट होती, आणि तेव्हा त्याचं कौतुक होतं. खांबाजवळ पळणाऱ्या पोरीला वाटायचं आपण सुटलो, आणि ही खांबाला एक हात घालून सबंध अंग झोकून द्यायची. त्याला सूर मारणं म्हणतात. दुसऱ्या हाताची बोटं पोरीच्या टाचेला लागायची आणि शिट्टी वाजायची.

एकवीस वर्षांनी तिनं पदर कमरेला खोचला. शरणम्मा पुढं पळत होती, चपळ, वाकडीतिकडी. अयोध्यानं खो घेतला, उठली, दोन पावलं टाकली आणि तिला कळलं की अंगाला सगळं आठवतंय. शरणम्मानं खांबाला वळसा घातला. अयोध्यानं खांब धरला आणि सूर मारला. दाणकन पडली. कोपर सोललं, तोंडात माती गेली, आणि बोटांच्या टोकाला शरणम्माची टाच लागली होती.

"बाद!" मॅडम ओरडल्या. "अयोध्याताई, हे कुठं शिकलात?"

 अयोध्या जमिनीवर उताणी पडून हसत होती. छाती भात्यासारखी खालीवर होत होती, आणि इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हे अंग स्वैपाकाचं होतं, धुण्याचं होतं, नवऱ्याचं आणि नवऱ्याच्या विनोदाचं होतं. तासभर ते तिचं स्वतःचं झालं. घरी जाताना ती माती थुंकत, कोपरावर फुंकर घालत, गाणं गुणगुणत गेली.

तीन गुरुवार गेले. रोज पळत होती, घाम गाळत होती, भूकही सपाटून लागत होती. दोन भाकऱ्यांच्या जागी अडीच खायची आणि दगडासारखी झोपायची. गुडघे कुरकुरायचे थांबले. घागर उचलताना लागणारी कळ गेली. चौथ्या गुरुवारी गुंडप्पानं जरा हळू आवाजात सांगितलं, "शहाऐंशी."

"मोठ्यानं," रणधीर म्हणाला.

"शहाऐंशीऽऽ!"

"म्हंजी बारदाना जाऊन पंच्याऐंशी. वाढलं की गं! खेळून वजन वाढतंय व्हय? मॅडम काय पेंड चारतेत काय तिथं?"

"मॅडम म्हणत्यात, आधी अंग घट्ट होतंय. मला बरं वाटायलंय आवो. गुडघा दुखंना झालाय."

"गुडघ्याचं कुणी काढलंय? तू काय म्हणून गेलतीस? वजन उतरतंय म्हणूनच ना?"

तिनं चप्पल पायांत सरकवली. तेच म्हणून तर ती गेली होती. आता बरं वाटतंय म्हणून जाते, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि सांगितलं तरी बरं वाटणं काट्यावर कसं दाखवणार?

त्याच आठवड्यात मॅडमनी बातमी आणली होती. चंपाषष्ठीच्या आधल्या शनिवारी लोहाऱ्याला बायांचे खो-खोचे सामने होते. गावाचा संघ जाणार होता आणि खांबाजवळ अयोध्याच हवी होती. ओट्यावरच्या माणसांदेखत तिनं ते रणधीरला सांगून टाकलं. चारचौघांत नाही म्हणणार नाही, असा तिचा अंदाज होता.

रणधीर तसा नाही म्हणालाच नाही. त्यानं भिंतीकडं बघितलं. "सत्तर," तो म्हणाला. "सत्तरवर ये, मग खुशाल लोहाऱ्याला जा. म्या सोताच जीप सांगतो. पण ह्या अंगानं लोकांपुढं पळून माझी शोभा करायची न्हाय. निके, लिही. सत्तर. खाली रेघ ओढ."

माणसं साक्षीला होती. सत्तर म्हणजे सत्तर.

त्या दिवसापासून अयोध्यानं भाकरी तोडली. आधी अडीचची एक केली, मग अर्धी. सासू तुळजाबाई चुलीसमोर बसून टोपल्यातल्या भाकऱ्यांवर नजर ठेवायची. म्हातारी उगाच वाईट नव्हती. तिच्या काळात सुनेला उरलंसुरलं मिळायचं, आणि तेच तिला खरं वाटायचं.

"एवढी बास," अयोध्या अर्ध्या भाकरीला हात घालताना ती म्हणायची. "लोहाऱ्याला जायचंय न्हवं? मग तोंडाला कुलूप लाव."

"व्हय आत्याबाई."

सोयाबीन काढणीला आलं. घरचं पाच एकर होतं, आणि मजूर बायांबरोबर अयोध्याही विळा घेऊन ओळीत बसायची. वाळलेल्या शेंगांची टोकं हातात घुसतात, बोटांची सालटी निघतात. सकाळी सातला पात धरायची, पोटात एक कप चहा. दुपारी बाया शेताच्या धुऱ्यावर भाकरी सोडायच्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. अयोध्या पाणी प्यायची आणि लांब जाऊन बसायची, कारण चटणीचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं.

"खा की गं एक घास," शरणम्मा म्हणायची. "कुणी बघंना इथं."

"काटा बघतो."

"अय्यो, काट्याला जाळ लाव. आमी खायला मिळंना म्हणून वाळलाव, तू असून वाळायलीस. तुला कळतंय का काय करायलीस ते?"

कळत होतं. पण पाच वाजता पटांगणात जायचं होतं, आणि ते सोडणं तिला जमण्यासारखं नव्हतं. दिवसभर ती त्या एका तासाकडं बघत विळा ओढायची. दुपारच्या उन्हात डोळ्यांपुढं काळं आलं की मनात म्हणायची, सत्तर, मग लोहारा, मग कुणाला काही सांगायचं नाही.

आणि काटा उतरायला लागला. ब्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. दिवाळीत घरभर करंज्या, चकल्या झाल्या. सगळं तिनं तळलं आणि मीठसुद्धा चाखून बघितलं नाही. चौऱ्याहत्तर. गावाला आता तिचं कौतुक वाटायला लागलं. ज्या बाया पूर्वी तिच्याकडं बघून पदराआड हसायच्या, त्या हात धरून विचारायच्या, काय केलंस गं? ओट्यावरच्या माणसांनी हसणं सोडलं. रणधीर पाहुण्यांना भिंत दाखवायचा. "वरपासून वाचा. सगळं पोरीच्या हातचं हाय." आणि निकिता खडू घेऊन उभी राहायची, नीटनेटकी, गंभीर. गंमत म्हणून हसणं तिनंही कधीच सोडलं होतं. आता ती आकडा लिहायच्या आधी मम्मीच्या कमरेकडं बघायची.

एकदा अयोध्यानं पोरीचा डबा धुवायला घेतला तर त्यात आख्खी भाकरी तशीच.

"का गं? खाल्ली न्हाईस?"

"भूक नव्हती," निकिता म्हणाली. "आज्जी म्हणती माझी मांडी तुझ्यावर गेलीय."

अयोध्यानं पोरीला धरून विचारायला हवं होतं, सासूशी भांडायला हवं होतं. पण तिला त्या क्षणी फक्त भाकरी दिसत होती. ती न्हाणीत गेली, दार लावलं आणि ती थंडगार भाकरी चार घासांत गिळली. मग गुरुवार आठवला. तिनं घशात बोटं घातली. बाहेर निकिता उभी होती आणि तिला आवाज ऐकू गेला, हे अयोध्याला दार उघडल्यावर कळलं. अयोध्यानं पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा डबा घासायला घेतला.

पटांगणातलं मात्र बिघडत चाललं. सूर मारायला अंगात जोर लागतो, आणि जोर हा काही काट्यावरून उतरवून पुन्हा चढवता येत नाही. खो मिळाल्यावर उठायला तिला आता क्षणभर उशीर व्हायचा. खांबाजवळ हात निसटायचा. केस कंगव्यात भरून यायचे. एका संध्याकाळी ती सूर मारायला गेली आणि मधेच बसली, पाय वाळूत रुतल्यासारखी. मॅडमनी सगळ्यांना पाणी प्यायला धाडलं आणि तिच्याजवळ बसल्या.

"ताई, सकाळपासून काय खाल्लंत?"

"चहा."

"आणि?"

अयोध्या जमिनीवर रेघा ओढत राहिली.

"मी पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं?" मॅडमचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "वजन घरी ठेवून या म्हणाले होते. तुम्ही ते डोक्यावर घेऊन येताय. ऑगस्टमधली अयोध्याताई मला संघात हवी होती. ही नको. मला त्या ताई परत आणून द्या."

"मॅडम, तीन किलो राहिलंय. एकदा लोहारा होऊ द्या. मग खाते."

"तुमच्या मालकांना मी सांगू का?"

"नका," अयोध्यानं त्यांचा हात धरला. "तुमी सांगितलं तर आजच बंद व्हईल. तुमच्या पाया पडते."

 पुढं कित्येक दिवस मॅडमना ते बोचत राहिलं असणार, पण त्या वेळी त्यांनी नाही सांगत म्हणून मान हलवली आणि बाकीच्यांना खेळायला बोलावलं.

शेवटचा गुरुवार आला. अयोध्यानं आदल्या दिवशीपासून पाणीसुद्धा घोटानं घेतलं होतं. सकाळी बांगड्या काढल्या, जोडवी काढली, सगळ्यात झिरझिरीत साडी नेसली. पायांत गोळे येत होते. अंगणात पंधरा माणसं होती, सगळ्यांना सत्तरचं ठाऊक होतं. ती पाटावर चढली. थंडीत लोखंड बर्फासारखं होतं. आकडे हलले, थांबले.

"लाऽऽभ!" गुंडप्पा ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. म्हातारा मनापासून खूश झाला होता. "सत्तर, सातशेऽऽ!"

"बारदाना जाऊन एकोणसत्तर, सातशे!" रणधीरनं टाळी वाजवली. माणसांनीही वाजवली. एकजण म्हणाला, मालक, पेढे पाहिजेत. रणधीरनं खरोखर पेढे आणवले. पहिला पेढा त्यानं स्वतः बायकोच्या तोंडाशी धरला. लग्नानंतर एवढ्या लोकांत त्यानं तिला असं कधी भरवलं नव्हतं. अयोध्यानं पेढा तोंडात धरला. गिळता येईना, पण ती हसली.

"मग शनिवारी जीप सांगता न्हवं?" तिनं विचारलं.

"कशाची जीप?"

"लोहाऱ्याची."

रणधीरनं हात पुसले. तो रागावला नव्हता. अगदी मजेत होता, आणि त्यामुळंच पुढचं ऐकायला अवघड गेलं.

"अगं, झालं की काम! वजन उतरवायला जात हुतीस, उतरलं. आता कशाला पळायचं? आजारी माणूस बरा झाल्यावर दवाखान्यात जातो व्हय? एवढी चांगली दिसायलीस, तर लोकांनी बघाया गोळा व्हावं, टाळ्या वाजवाव्या, हे बरं दिसतंय का?"

"तुमी सबूद दिलता. समद्यांपुढं दिलता."

"तवा तू सत्तरवर येशील असं कुणाला वाटलं हुतं?" तो म्हणाला आणि माणसांकडं बघून हसला. माणसंही हसली. हसली म्हणजे काय, मालकानं हसल्यावर हसायचंच. मग तो निकिताकडं वळला. "आन आता तू. पुढल्या गुरुवारपास्नं निकीला काट्यावर घ्यायचं. आत्ताच आवरली तर उद्या पाहुण्यापुढं अवघड जायचं न्हाय. काय निके?"

"व्हय पप्पा," निकिता म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी वर्षाराणी मॅडम घरी आल्या. रणधीरनं त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, भिंत दाखवली. "मॅडम, तुमचं लई उपकार झालं. डॉक्टरला जमलं नसतं ते तुमी केलं. शाळेला काय लागलं तर हक्कानं सांगा." मॅडमनी सामन्याचं काढलं, खांबाजवळ दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणाल्या, हात जोडले. त्यानं दुप्पट नम्रपणे हात जोडले आणि नाही म्हणाला. जाताना मॅडम चुलीकडं वळल्या. अयोध्या भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. वर बघितलं असतं तर आपण या बाईच्या गळ्यात पडून ओरडू, असं तिला वाटलं.

शनिवारी सकाळी दहाला जीप पटांगणावरून निघाली. बाया आत दाटीवाटीनं बसलेल्या, बाहेर ओरडत. घराजवळ जीप हळू झाली. शरणम्मानं मान बाहेर काढली, हाक मारायला तोंड उघडलं, ओट्यावर रणधीर दिसला, आणि तिनं मान आत घेतली. जीप लोहाऱ्याच्या रस्त्याला लागली. अयोध्या दारात उभी होती. धूळ बसेपर्यंत ती तिथंच होती.

"खा आता कायतरी," तुळजाबाई मागून म्हणाली. तिनं स्वतःच टोपलं पुढं सरकवलं. "पार चिपाड झालीस. लोक म्हणतील सून उपाशी ठिवतेत."

अयोध्यानं सासूकडं बघितलं. मग तिनं टोपलंच उचललं. भाकऱ्या, वर ठेचा, वांग्याची भाजी, गुळाचा खडा. टोपलं घेऊन ती अंगणात आली. लातूरला माल धाडायचा होता, ट्रक उभा होता, हमाल पोती काट्यावर आणत होते. पाट मोकळा होता. ती त्याच्यावर जाऊन बसली. उभी राहिली नाही, मांडी घालून बसली, आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडून तोंडात घातला.

"अगं ए," रणधीर शेडातून ओरडला. "ऊठ तिथनं. माल मोजायचाय."

"मोजा की," ती म्हणाली. तोंड भरलेलं होतं. "माल काट्यावरच हाय."

हमाल पोती पाठीवर घेऊन तसेच थांबले. ट्रकवाला खाली उतरून बघत राहिला. अयोध्या जेवत होती. घास गिळताना घसा दुखत होता, पोट आत घेत नव्हतं, दोनदा उमळून आलं, पण ती एकामागून एक तुकडा मोडत राहिली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून भाकरीवर पडत होतं. तिला लाज वाटत नव्हती. तिला भूक लागली होती, तीन महिन्यांची.

"गुंडप्पा, वजन सांग हिचं," रणधीर म्हणाला. हसून न्यावं असा त्याचा बेत होता. "सांग मोठ्यानं, लोकांना ऐकू दे."

गुंडप्पानं आकड्यांकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. "चष्मा घरी राहिला मालक," तो म्हणाला. तीस वर्षांत त्यानं चष्मा लावलेला कुणी बघितला नव्हता.

कुणीच हसलं नाही. रणधीर दोन पावलं पुढं आला आणि थांबला. बायकोला पाटावरून ओढून काढावं तर ट्रकवाला परगावचा, बघत होता.

अर्ध्या दिवसाची शाळा सुटून निकिता फाटकातून आत आली. दप्तर पाठीवर, चेहरा उन्हानं उतरलेला. काट्यावर बसलेल्या आईला बघून ती जागच्या जागी थबकली. अयोध्याची नजर पोरीवरून भिंतीकडं गेली. तिच्या आकड्यांच्या शेजारी खडूची एक नवी रेघ होती, आणि रेघेच्या वर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: निकिता. खाली जागा मोकळी होती.

अयोध्यानं उरलेल्या भाकरीचा अर्धा भाग केला. त्यावर भाजी घातली, गुळाचा खडा ठेवला आणि हात लांब केला.

"ये बाळा. बस माझ्याजवळ. सकाळपासनं उपाशी आसशील. खा."

निकिता जवळ आली. तिनं भाकरीकडं बघितलं, आणि तोंडाला सुटलेलं पाणी तिनं गिळलेलं आईला दिसलं. मग पोरीनं लाल आकड्यांकडं बघितलं. मग बापाकडं. तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"नको मम्मी," ती म्हणाली. "माझं गुरुवारी वजन हाय."